तिरकं बाक

चुंगली, ५ सप्टेंबर १९९७

आ-शिया,

सात महिन्यांनी ताईची आठवण झाली, तीसुद्धा सही हवी म्हणून. चला, तेवढी तरी झाली. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, त्यामुळे पत्र तर पत्र.

शिनपूला पर्सिमनची फळं सोलता सोलता तू मालकाचा मुलगाच पटवलास. फान चेंग-लुंग. नाव बरं आहे. त्याच्या आईनं मात्र नाक मुरडलंय, कारण कुणीतरी तिच्या कानावर घातलं की फेब्रुवारीत तू आमच्या फॅक्टरीत बाकावरून खाली पडलीस, हातपाय झाडलेस आणि तुझ्या तोंडाला फेस आला. आता ती म्हणते, फेफऱ्याची सून नको. घरच्या माणसानं लेखी दिलं तर बघू. आई-बाबा गेले, म्हणजे घरचं माणूस मी.

मजकूरसुद्धा तूच करून पाठवलास. हुशार झालीस. ‘माझी बहीण जन्मापासून निरोगी आहे. फॅक्टरीत तिला रोज अकरा तास लुकलुकणाऱ्या पडद्यांपाशी बसवलं जाई, म्हणून तिला झटका आला. पडद्यांपासून लांब राहिली तर पुन्हा येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.’ आणि खाली माझी सही.

‘बसवलं जाई.’ कोण बसवत होतं ते लिहिलं नाहीस. लाजलीस वाटतं.

अगं, जरा विचार कर. मी इथं नजरेच्या लाइनची प्रमुख आहे. मॉनिटर खोक्यात जाण्याआधी त्याचा पडदा लुकलुकतो की नाही ते सांगायचं, हे माझं काम. बारा वर्षांत माझ्या हातून एकही जिवंत पडदा बाहेर गेलेला नाही. तुझ्या होणाऱ्या सासूला सांग, आमच्याकडे लुकलुकणाऱ्या पडद्याला जिवंत म्हणतात आणि स्थिर पडद्याला मेला म्हणतात, आणि आम्ही मेलेलेच विकतो. दचकेल बिचारी. येत्या वर्षी सुजोऊला नवी फॅक्टरी उघडते आहे, तिथल्या मुलींना शिकवायला मला पाठवणार आहेत. अशा वेळी मीच माझ्या हातानं लिहून देऊ, की माझ्या लाइनवर माणसं फेस गाळत पडतात?

तुझा डॉक्टर म्हणतो, सेकंदाला पंधरा ही सगळ्यात वाईट चाल, त्यानंच मेंदू बिथरतो. हे पंधराचं त्याला तूच सांगितलंस ना? नाहीतर त्याला काय कळणार, की आमच्या मॉनिटरचं चित्र सेकंदाला पंचाहत्तर वेळा उमटतं, भिंतीतली वीज साठच्या चालीनं येते, आणि ती वीज चित्रात घुसली की पडदा पंधरा वेळा किंचित मंदावतो. समोर बसून काम करणाऱ्याला ते दिसत नाही. त्याचं फक्त संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं आणि डोळे चुरचुरतात. दिसतं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून. म्हणून तर तुम्हा पोरींना तिरक्या बाकावर बसवायचं, पडद्याकडे गाल करून, नजर समोरच्या पांढऱ्या कागदावर.

कागद मी देणार नाही. निदान आता तरी नाही. तुझी जागा अजून रिकामी आहे, तेवढं लक्षात ठेव.

तुझी ताई,
त्साई-युन

चुंगली, १८ सप्टेंबर

आ-शिया,

चंद्राच्या सणाला आली नाहीस. पपनस मी एकटीनं सोललं आणि अर्धं टाकून दिलं.

तुझं पत्र वाचलं. चार पानं, आणि एकदाही ‘ताई’ नाही. नोव्हेंबरमधलं प्रकरण उकरून काढलंस. हो, फेब्रुवारीच्या आधी एकदा तू संडासात पडली होतीस. दार मीच ढकललं. तू शुद्धीवर आलीस, मी तुझं तोंड धुतलं, ओठ चावून फाटला होता त्यावर माझी लिपस्टिक लावली आणि म्हटलं, जेवणाची सुट्टी संपली. ‘तू मला ओढत नेलंस’ असं तू लिहितेस. ओढत कशाला? खांद्याला धरलं होतं, एवढंच. कुणाला बोललीस तर दोघींची नोकरी जाईल, असंही म्हटलं असेन. खरंच गेली असती.

आणि तीन महिने काहीच झालं नाही की. मग मी कशी समजणार?

रोज सकाळी तुझ्या डब्यात डुकराची कलेजी आणि गोजीचे लाल दाणे घातलेलं सूप कोण भरत होतं, तेही लिहायचं होतंस. डोळ्यांना चांगलं म्हणून. माझ्या डब्यात नुसता भात आणि खारवलेली मोहरीची भाजी. लाइनच्या टोकाला खोकी बांधणारी ती फाजील ह्वांग म्हणायची, ‘पेंग बाई, तुम्ही बहिणीला पोसताय की तिच्या डोळ्यांना?’ मी हसायचे. सगळ्या हसायच्या. तूसुद्धा हसायचीस.

तू गेल्यापासून दोनशे चाळीस मॉनिटर परत आले. बाद केलेले हिनंच खोक्यात भरले म्हणत मी ते ह्वांगवर ढकललं. तिला काढलं. दोन मुलं आहेत तिला, पण तोंड आवरायला हवं होतं.

बाकावर सध्या तीन जणी आहेत. तिघींचे चेहरे बघून काही कळत नाही.

ताई

चुंगली, १२ ऑक्टोबर

आ-शिया,

मी शिनपूला जाऊन आले. तुला बरोबर त्या दिवशी तालुक्याला पाठवलं होतं, म्हणून तुझी गाठ पडली नाही. तसं मीच कळवलं होतं त्यांना.

अंगण मोठं आहे. जिकडेतिकडे बांबूच्या ताटांत केशरी फळं, आणि तुमचा तो कोरडा वारा. चेंग-लुंगची आई साधी बाई वाटली. स्वतः शेंगदाणे-तीळ कुटून चहा केला. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही तिच्या आईच्या जागी. मला गोलगोल बोलता येत नाही. मुलगी मला आवडते. हात भरभर चालतो, उलटून बोलत नाही. माझा मुलगा तर वेडाच झालाय. पण मला नातवंडं हवीत, धडधाकट. ते पडण्याचं खरं काय ते सांगा.’

मी म्हटलं, ‘मावशी, मी काय सांगू? माझ्या तोंडून बहिणीबद्दल वाईट यायचं नाही.’

‘म्हणजे आहे काहीतरी.’

‘तसं नाही हो. ती म्हणते पडद्यांमुळे झालं, तर पडद्यांमुळे. बाकावर सहा जणी बसायच्या. पाच जणींना काही झालं नाही, हेही खरं.’

‘घरात आणखी कुणाला होतं?’

‘आमच्या आजीची एक बहीण अशीच पडायची. पण तिचं लग्न झालं होतं, मावशी. मुलंही झाली.’

‘मुलं कशी निघाली?’

मी चहाचा घोट घेतला. ‘चहा फार छान झालाय,’ मी म्हटलं.

तिनं माझा पेला पुन्हा भरला. निघताना मला दोन डझन वाळलेली फळं बांधून दिली आणि दारापर्यंत पोचवायला आली. आपल्या आजीला बहीण नव्हती, हे तुला माहीत आहे, मलाही आहे. तिला कोण सांगणार? तू सांगितलंस तर तू सांगणारच, असं ती म्हणेल.

म्हणजे तिथं आता तुझं काही उरलं नाही. रडून घे. रडल्यानं डोळे सुजतात, तेवढं दोन दिवसांत उतरेल असं बघ, कारण मला तू सत्तावीस तारखेला हवी आहेस.

कशाला, ते स्पष्टच लिहिते. त्या सोमवारी हॉलंडचा ग्राहक येतोय. परत आलेल्या मॉनिटरांमुळे तो बिथरलाय. त्याला फॅक्टरीची ती प्रसिद्ध नजर स्वतः बघायची आहे, म्हणजे मी. आठ पडदे मांडणार, मी एकेक सांगायचा, जिवंत की मेला. आणि आ-शिया, मला लुकलुक दिसत नाही. कधीच दिसली नाही. समोरून नाही आणि कोपऱ्यातूनही नाही. सुरुवातीची वर्षं अंदाजानं आणि मोठ्या आवाजानं काढली. मग तू आलीस. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, पडदा जिवंत असला की तुझी डावी पापणी उडते. तुला नकळत. तू तोंड उघडायच्या आधी. यंत्राला एका पडद्याला चार मिनिटं लागतात, तुझ्या पापणीला चार सेकंदं लागायची.

मी उभी कुठं राहायचे, आठवतंय? बाकाच्या डाव्या टोकाला. लोकांना वाटायचं, पेंग बाई पडद्याकडे बघताहेत. सहा वर्षं मी फक्त तुझ्या पापणीकडे बघत होते. तुम्ही पोरींनी बोलायचं नाही, एकाग्रता मोडते, हा नियम मीच केला होता. कशासाठी, ते आता कळलं असेल.

पाच जणी बाकावर पाळीपाळीनं बसायच्या आणि तुला मी अकरा अकरा तास उठू देत नव्हते, त्याचं कारण हे. आता तुला जे वाटायचं ते वाटू दे. पण तू नसलीस तर मी आंधळी आहे, आणि मी गेले तर या जगात तुला विचारणारं दुसरं कुणी नाही. सोमवारी आठ वाजता ये. टोपी आणि झगा तुझ्या जुन्या कप्प्यात ठेवला आहे.

ताई

चुंगली, ३० ऑक्टोबर

आ-शिया,

तू ताइतुंगला आत्याकडे पोचलीस, हे आत्यानंच कळवलं. तिला वाटतं आपलं किरकोळ भांडण झालंय.

सोमवारी तुला फाटकातून आत येताना पाहिलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की लाज सोडून तुझ्यासाठी कलेजीचं सूप घेऊन धावले. तू ते घेतलंस. सगळं प्यायलीस. ‘छान झालंय, ताई,’ म्हणालीस. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मला वाटलं, पोरगी ताळ्यावर आली.

आठ पडदे. तू तिरक्या बाकावर, नजर कागदावर. मी डाव्या टोकाला. मागं मॅनेजर ल्याओ, तो हॉलंडचा उंच माणूस आणि त्याची दुभाषी. पहिला पडदा लावला. पापणी स्थिर. मी म्हटलं, मेला. दुसरा, मेला. तिसरा, मेला. तुझी पापणी पाण्यावर तेल पसरावं तशी शांत. मी मनात म्हटलं, आज नशीब जोरात आहे, सगळा माल चांगला निघाला. आठही पडद्यांना मी ठणकावून मेला म्हटलं.

मग तो उंच माणूस पुढं आला. पडद्याकडे पाठ केली, छताकडे बघितलं, मान जराशी वळवली आणि दुभाषीला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, ‘तिसरा आणि सातवा लुकलुकतोय म्हणतात.’

ल्याओचा चेहरा पांढरा पडला. तो तुझ्यावर ओरडला, ‘तू बाकावर बसली आहेस ना? तुला दिसलं नाही?’

‘दिसलं की,’ तू म्हणालीस. ‘तिसरा, सातवा. आणि आठवापण, थोडासा.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बाकावरच्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे, साहेब. सहा वर्षांत मला इथं कुणी विचारलेलंच नाही. ताई बघते, ताई सांगते. विचारा ना त्यांनाच.’

त्यानं विचारलं. मला एकटीला पुन्हा उभं केलं, बाक रिकामं ठेवून. आठ पडदे फिरवून फिरवून लावले. मी सहा चुकले. तो उंच माणूस तिसऱ्या पडद्यानंतर बघायचासुद्धा थांबला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

तू टोपी काढून जाताना माझ्याजवळ वाकलीस. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. ‘एप्रिलपासून गोळ्या चालू आहेत, ताई. गोळ्यांनी पापणी थांबते. नजर थांबत नाही.’

हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते आहे, कारण दुसरं काही सुचतच नाही. मी आता खोकी बांधते. ह्वांगची जागा. दिवसभर चिकटपट्टी ओढायची. सुजोऊला दुसरीच बाई जाणार. जेवायला माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. मला तुझा इतका राग आला आहे की पट्टी ओढताना दात दुखतात. झटका आला तेव्हा तू मरू शकली असतीस, हे मला डॉक्टरनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते. तेव्हा मी घाबरले होते. तू मेलीस तर लाइनचं काय, म्हणून घाबरले होते. तुला वाटायला नको की ताई फक्त वाईटच होती, म्हणून हेही लिहायला हवं, की तू शुद्धीवर आलीस तेव्हा मी रडले. पण कशासाठी रडले ते मला आज नक्की सांगता येणार नाही.

समाधान झालं का तुझं? माझं घर बुडवलंस. तुझं आधीच बुडालं होतं. आता फिटंफाट झाली असं समजून बसली असशील.

त्साई-युन

चुंगली, शनिवार, १५ नोव्हेंबर

आ-शिया,

आज दुपारी सुट्टी झाल्यावर फाटकाशी एक माणूस उभा होता. हातात टोपी, बुटांना चिखल, नखं पर्सिमनच्या चिकानं काळी. मी ओळखलंच.

‘तुम्ही आ-शियाच्या ताई ना?’ तो म्हणाला. ‘मी चेंग-लुंग. ती कुठं आहे?’

‘का हो? तुमच्या घरी नको झाली होती ना?’

‘मला नको झाली नव्हती. आईनं परस्पर नाही म्हटलं आणि ती मला न सांगता निघून गेली. आई म्हणते, तिलाच मी नको होतो. म्हणते, फॅक्टरीत परत गेली, तिथंच तिचा जीव अडकलाय.’ तो इतक्या पटापट बोलत होता की थुंकी उडत होती. ‘मला त्या झटक्याची भीती नाही, ताई. माझ्या मामाला यायचे. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी द्यायचं, शेजारी बसून राहायचं. मला येतं सगळं.’

कुशीवर वळवायचं. मला हे माहीत नव्हतं. मी तुला दोन्ही वेळा उताणी धरून ठेवलं होतं.

‘आईनं दुसरी मुलगी बघितली आहे,’ तो म्हणाला. ‘सोमवारी दुपारी त्यांच्याकडे साखरपुड्याच्या केकच्या पेट्या जाणार. एकदा पेट्या गेल्या की मागं फिरता येत नाही, गावात तोंड दाखवता येणार नाही. तिनं त्याआधी एक फोन केला, नुसतं हो म्हटलं, तर मी आईचं ऐकणार नाही. तिलाच मी नको असेन तर मग माझं काय, आई म्हणेल तिला हो म्हणीन. तुम्हाला पत्ता माहीत असेल ना?’

मी म्हटलं, ‘नाही बाई. माझ्याशी तरी कुठं बोलते ती.’

त्याचे डोळे भरले. एवढा दांडगा पुरुष, फाटकाशी, सगळ्या पोरींसमोर. त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीवर फोनचा आकडा लिहून दिला आणि दोनदा वाकून नमस्कार केला. ‘कळलं तर तेवढं तिला पोचवा, ताई. सोमवारी दुपारपर्यंत मी फोनपाशी बसून असेन.’

तो कागद या पत्रात घातला आहे. आकडा नीट वाचता येतो, मी तपासला.

मी उठून तुला फोन करू शकले असते. तू ठेवून दिलास तर आत्याला सांगता आलं असतं. हे मला सुचलं नाही असं समजू नकोस. तासभर फोनपाशी बसले होते. बसल्या बसल्या तुझा तो मेलेला चेहरा आठवत राहिला, आठ पडदे संपेपर्यंत स्थिर ठेवलेला. सगळं दिसत असून गप्प बसलीस. मी एकेक पडदा चुकत होते आणि तू ऐकत होतीस.

मग मी हे लिहायला घेतलं. आता चपला घालून कोपऱ्यावर जाते. तिथं टपालाच्या दोन पेट्या आहेत, लाल तातडीच्या पत्रांची आणि हिरवी साध्या. लाल पेटीतलं पत्र उद्या रविवार असला तरी दुपारपर्यंत आत्याच्या दारात येईल. हिरव्या पेटीतलं सोमवारी सकाळी इथून निघेल आणि डोंगराला वळसा घालून मंगळवारी पोचेल.

मी हिरव्या पेटीत टाकते आहे. तू हे वाचते आहेस, म्हणजे आज मंगळवार आहे.

तुझी ताई